पूर्वेच्या टोकाचं धुकं

माझी पहिली नोकरी विमानतळावरची होती असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं काचेची दारं आणि चकचकीत फरशी येते. आमचा विमानतळ म्हणजे बारामतीबाहेरच्या माळावर नुकतीच झालेली एक लांबलचक डांबरी पट्टी होती. तिच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्या, पाण्याची टाकी आणि एका उंच खांबावर अडकवलेली लाल-पांढरी कापडी पिशवी. वारा कुठून आहे ते त्या पिशवीवरून कळायचं. गावातले लोक तिला ‘विमानाचं बुजगावणं’ म्हणायचे.

नव्वदचं दशक निम्म्याहून जास्त सरलं होतं. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. विषय भौतिकशास्त्र, पण त्याचा काही उपयोग होईल असं घरात कुणाला वाटत नव्हतं, मलाही नाही. देखरेखीचा ठेका घेतलेल्या माणसाला स्वच्छ अक्षरात वही लिहिणारं आणि फोनवर नीट बोलणारं कुणीतरी हवं होतं. मी काटेवाडीहून मोपेडवर ये-जा करू शकते का एवढंच त्यानं विचारलं आणि मला ठेवून घेतलं.

काम काय ते कॅप्टननी शिकवलं. ते हवाई दलातून निवृत्त झालेले गृहस्थ. हिवाळ्यात हवा स्थिर असते म्हणून ते दोन आसनांचं छोटं विमान घेऊन आमच्याकडं यायचे आणि हौशी लोकांना उडवायला शिकवायचे. पहिल्याच दिवशी सकाळी ते मला पट्टीच्या पश्चिम टोकाला घेऊन गेले आणि म्हणाले, “आता सूर्याकडं तोंड करून चालायचं. खाली बघत.”

“खाली काय बघायचं?”

“जे इथलं नाही ते सगळं.”

मला ते कोडं वाटलं, पण शंभर पावलांत उलगडलं. हिवाळ्यातलं सकाळचं ऊन इतकं तिरपं येतं की हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या खड्याचीही बोटभर सावली पडते. सूर्य पाठीशी ठेवून चाललं तर तो खडा दिसतच नाही. त्या दिवशी मला बैलाच्या पत्रीचे, म्हणजे नालेचे, दोन खिळे, बांगडीची काच आणि तारेचा एक तुकडा सापडला. कॅप्टननी खिळा हातात घेतला. म्हणाले, “पंख्याच्या पात्यानं हा उचलला तर गोळीसारखा लागतो.”

तेव्हापासून रोज सकाळी सातला, सूर्य उगवला की, कानाला स्कार्फ गुंडाळून, स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून मी मोपेडवर पट्टीचं एक टोक ते दुसरं टोक बघत जायची. कुत्री हाकलायची, टिटव्या उठवायच्या. उसाच्या गळीत हंगामात तर काम दुप्पट. पश्चिम टोकाला काटेरी तारेचं कुंपण आडवं केलेलं होतं. उसाच्या बैलगाड्यांना वळसा नको म्हणून तो आडमार्ग कुणीतरी करून ठेवला होता. आम्ही तार ओढून बांधायचो, चार दिवसांनी ती पुन्हा जमिनीवर.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे सगळं ऐकायला आवडायचं. त्यांची उमेदीची वर्षं मेंढरांमागं गेली होती आणि आता तीन एकरांवर ऊस आणि दोन गाई होत्या. पट्टी झाली तो माळ त्यांच्या चराईचा. पण त्याबद्दल ते कधी हळहळले नाहीत. रोज संध्याकाळी एकच विचारायचे, “आज काय घावलं?”

*

पहिल्या हिवाळ्यातच मला धुक्यानं कोड्यात टाकलं.

आमच्या भागात धुकं काही रोजचं नाही. पौषात, माघात, थंडी कडक पडली की एखाद्या सकाळी येतं आणि ऊन वर आलं की जातं. पण पट्टीवर ते येई तेव्हा फक्त पूर्वेच्या टोकाला येई. पश्चिमेकडं लख्ख ऊन, पट्टीच्या मध्यावरचा पिशवीचा खांब स्पष्ट, आणि त्याच्या पलीकडं कुणीतरी पांढरी चादर टाकल्यासारखं. शिवाय दोन सकाळी सारख्याच थंड असल्या तरी एका सकाळी धुकं असे, दुसऱ्या सकाळी नसे. का?

कॅप्टन म्हणाले, “उजनीवरून येतं. एवढं पाणी पसरलंय तिकडं भिगवणला. बाष्प येणारच.”

मला ते पटलं नाही, पण निवृत्त वैमानिकाला तसं सांगायचं कसं? मग मी एक युक्ती केली. भिगवणला हमरस्त्यावर माशाचं जेवण मिळणारं एक हॉटेल होतं आणि त्यांच्याकडं फोन होता. थंडी कडक पडली की, आमच्याकडं धुकं असो वा नसो, मी ऑफिसातून तिथं फोन लावायची.

“हॅलो, तिकडं धुकं आहे का?”

“कोण बोलतंय?”

“बारामतीच्या विमानतळावरून. धुकं आहे का पाण्यावर?”

“धुकं न्हाय बाई. मासळी हाय. वाम हाय, मरळ हाय. किती पाठवू?”

पहिल्यांदा त्यांना वाटलं कुणी थट्टा करतंय. आठवड्याभरानं मालक स्वतःच सांगायला लागले, “आज न्हाय ओ, समदं मोकळं हाय, पलीकडच्या तीरावरचे रोहित पक्षीसुदिक दिसत्यात.” आणि त्याच सकाळी आमचं पूर्वेचं टोक दिसत नसे. कधी उलटही होई. भिगवणला पांढरंशुभ्र आणि आमच्याकडं काहीच नाही. म्हणजे उजनीचा दोष नव्हता. मी ते वहीत मांडून कॅप्टनना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, “बरं. उजनी सुटली. मग आरोपी कोण?”

आरोपी शोधायचा होता. मी थर्मामीटर लावला, दव मोजायला पत्र्याचा तुकडा ठेवला, वारा लिहिला, आभाळ लिहिलं. पानं भरली तरी उत्तर सापडलं नाही.

एका रविवारी आबा मला डबा द्यायला आले. त्या सकाळी पूर्वेला धुकं होतं. ते खांबाजवळ उभे राहिले, डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत राहिले.

“तिकडं रातीला पाणी कुणाचं व्हतं?” त्यांनी विचारलं.

“कसलं पाणी?”

“पाटाचं. त्या वावरास्नी पाळी व्हती का?”

“आबा, मी विमानतळावर काम करते, पाटावर न्हाय.”

“मंग इचार की कुणाला तरी.” ते म्हणाले, “आमी माघात मेंढरं बसवायचो तवा पयलं ह्येच बघायचो. भिजल्याल्या रानाच्या कडंला कळप बसवायचा न्हाय. पहाटं तितं धुकं उठतंय आन् कोकरं गारठत्यात. कोरड्या माळाला कायबी व्हत न्हाय. धुकं कुटनं येत न्हाय बाय, जागच्या जागी उठतंय.”

पुस्तकात मी हेच वाचलं होतं. रात्री आभाळ मोकळं असलं की जमीन थंड होते, ओल्या जमिनीवरची हवा बाष्पानं भरते, थंड होते, आणि बाष्पाचे थेंब होतात. परीक्षेत मी त्यावर चांगले मार्कही मिळवले होते. पण पूर्वेच्या टोकापलीकडची सखल वावरं पाटाच्या पाण्यावर आहेत, आणि पाटाचं पाणी रोज येत नाही, पाळीनं येतं, हे त्याला जोडून बघायचं मला सुचलं नव्हतं.

पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी कुणाला कधी द्यायचं ते बघणारा सरकारी माणूस, आमच्या रस्त्यावरच राहायचे. त्यांना सगळे तात्या म्हणत. मी त्यांच्याकडून पाळ्यांची यादी उतरवून आणली आणि माझ्या वहीशेजारी ठेवली. रात्री त्या सखल वावरांना पाणी, आभाळ मोकळं आणि वारा पडलेला असला की सकाळी धुकं. तिन्हींतलं एक जरी नसलं तरी धुकं नाही. आणि ते पहाटेपेक्षा सूर्य उगवल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं दाट व्हायचं, हेही वहीतच सापडलं. मला इतका आनंद झाला की मी मोपेडवरून घरी जाताना मोठ्यानं बोलत होते.

वहीत मी एक नवा रकाना आखला, ‘पाणी’. कॅप्टननी तो बघितला आणि हसले. पण कुचेष्टेनं नाही.

*

दुसऱ्या हिवाळ्यात माझी फजिती झाली.

जिल्ह्याच्या एका कार्यक्रमासाठी काही पाहुणे पुण्याहून छोट्या विमानानं यायचे होते. त्यांची व्यवस्था बघणारे एक साहेब सकाळी सहापासूनच ऑफिसात येऊन बसले होते. पावणेसातला पुण्याहून वैमानिकाचा फोन आला, तिकडं कसं आहे? खिडकीतून सगळी पट्टी स्वच्छ दिसत होती. पण यादीप्रमाणं आदल्या रात्री पूर्वेच्या वावरांना पाणी होतं, आभाळ मोकळं होतं, पिशवी लोंबत होती.

मी म्हणाले, “आत्ता स्वच्छ आहे. पण साडेसात-आठला पूर्वेचं टोक धुक्यात जाईल. नऊनंतर निघालात तर बरं.”

“कशावरून?”

“तिकडच्या शेतांना काल रात्री पाणी दिलंय.”

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “ठीक आहे. नऊला निघतो.”

साहेब उभे राहिले. “बाई, तुम्ही काय हवामान खातं आहात का?”

त्यानंतर आम्ही दोघंही खिडकीशी उभे. साडेसात वाजले, पट्टी स्वच्छ. पावणेआठ, आठ, साडेआठ. पूर्वेचं टोक इतकं स्पष्ट दिसत होतं की पलीकडच्या बांधावरच्या बाभळीच्या फांद्या मोजून घ्याव्यात. साहेब दर पाच मिनिटांनी घड्याळाकडं आणि मग माझ्याकडं बघत राहिले. पाहुणे दोन तास उशिरा आले, कार्यक्रम लांबला, आणि दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं मला बोलावून सांगितलं, “तुमी दिसतंय तेवढंच सांगायचं. अंदाज न्हाय करायचा.”

मी संध्याकाळी तात्यांकडं गेले. “तात्या, परवा रात्री पूर्वेच्या रानाला पाणी होतं ना?”

“यादीत व्हतं. पर त्या मालकाची ऊसतोड आलीय की. तोडीला आल्याल्या उसाला कोण पाणी पाजतंय? त्यानं पाळी खालच्याला देऊन टाकली.”

एवढंच होतं ते. मी यादी वाचली होती, वावर बघितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी घरी जाताना दहा मिनिटं जास्त घालवून त्या वावरांच्या बांधावरून जायला लागले. माती काळी दिसली, सरीत पाणी चमकलं, की समजायचं. पण ते लिहायची मी माझ्या पर्समधल्या छोट्या वहीत. ऑफिसच्या वहीतला ‘पाणी’ हा रकाना मी रिकामा ठेवायला लागले. कुणाला काही सांगणं तर सोडूनच दिलं.

*

त्याच हिवाळ्यात कॅप्टनकडं इंदापूरचे एक डॉक्टर शिकायला येत होते. बेचाळीस वर्षांचे, पोट थोडं सुटलेलं, अतिशय बोलके. लहानपणापासून विमान उडवायचं होतं, ते आता दवाखान्याचं बस्तान बसल्यावर जमत होतं. आठवड्यातून तीन दिवस पहाटे इंदापूरहून निघायचे, सव्वासात ते साडेआठ उडायचे आणि दहाला दवाखाना उघडायला परत. आल्या आल्या मला विचारायचे, “काय ताई, आबांचे गुडघे कसे आहेत?” त्यांनी आबांना कधी पाहिलं नव्हतं. मी एकदा बोलता बोलता गुडघ्यांचं सांगितलं होतं एवढंच.

माघ लागला होता. आदल्या संध्याकाळी बांधावरून जाताना मी बघितलं की पूर्वेच्या वावरांत पाणी भरलंय. तोड झालेल्या रानात खोडव्याला, म्हणजे बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पाणी सोडलं होतं, पलीकडच्या दोन वावरांतही सरी भरून वाहत होत्या. मी छोट्या वहीत लिहिलं, ‘तिन्ही रानं ओली.’ सकाळी आभाळ निरभ्र होतं आणि पिशवी खांबाला चिकटून लोंबत होती. मी पट्टी बघून आले आणि ऑफिसच्या वहीत लिहिलं, ‘स्वच्छ.’ खोटं नव्हतं.

कॅप्टन आणि डॉक्टर उडाले. तीनदा उतरले, तीनदा चढले. हिवाळ्यात ते नेहमी पूर्वेकडून येऊन पश्चिमेकडं तोंड करून उतरायचे, कारण उलट उतरलं तर उगवता सूर्य थेट डोळ्यांत येतो. तिसऱ्यांदा उतरल्यावर विमान ऑफिससमोर थांबलं, पंखा फिरत असतानाच कॅप्टन खाली उतरले, दार लावलं आणि वाकून माझ्याकडं आले.

“डॉक्टर आज एकटे जाणार,” ते म्हणाले. “एकच फेरी. पहिली.”

मला तेव्हा बोलायला हवं होतं. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, ‘कॅप्टन, पाऊण तास थांबू या.’ पण साहेबांचं घड्याळ आणि त्यांची नजर आठवली आणि मी गप्प बसले. पूर्वेकडं बघितलं तर बांधाच्या रेषेवर दुधाचा हात फिरवावा तसं काहीतरी पुसट होतं. मला वाटलं, धूर असेल, कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं असेल. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

विमान उडालं. डॉक्टर पश्चिमेला गेले, मग उत्तरेकडून फेरी घालून पूर्वेकडं निघाले. फेरीला सहा-सात मिनिटं लागतात. ते पूर्वेला पोचायच्या आत ते पुसट काहीतरी उभं राहिलं, पसरलं आणि बघता बघता पट्टीचा शेवट त्यात गेला. नंतर पलीकडची बाभळ गेली.

कॅप्टननी रेडिओ तोंडाशी धरला. ते रेडिओवर नेहमी इंग्रजी बोलत, तसा नियमच होता. त्या दिवशी मराठीत बोलले.

“डॉक्टर, खाली येऊ नका. वरच राहा. वळा आणि पश्चिमेकडं चला.”

“मला पट्टी दिसत नाहीये,” डॉक्टरांचा आवाज बारीक झाला होता.

“मला माहितीये. पट्टी कुठं जात नाही. तुम्हाला माळेगावच्या कारखान्याची चिमणी दिसते का?”

थोडा वेळ नुसती खरखर. मग, “हो. धूर दिसतोय. सरळ वर जातोय.”

“तिच्याभोवती मोठ्या चकरा मारा. उंची तीच ठेवा. तुमच्याकडं इंधन भरपूर आहे. चहाला जाऊन आल्यासारखं समजा.”

रेडिओ खाली करून ते माझ्याकडं वळले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“हे किती वेळ राहील?”

मी पर्समधली वही काढली. पानं मला पाठ होती, तरी एकदा चाळली. मी म्हणाले, “पाऊण तास तरी. कधी सव्वा तास. पण ते खांबाच्या पश्चिमेला येणार नाही.”

“खात्री?”

“दोन हिवाळ्यांत एकदाही आलेलं नाही. इकडची जमीन कोरडी आहे, मुरमाड. धुकं ओल्या रानाला धरून राहतं.”

त्यांनी वहीतलं ते पान स्वतः वाचलं. मग म्हणाले, “पश्चिमेकडून उतरवतो. निम्मी पट्टी त्यांना पुरून उरते. सूर्य डोळ्यांत येईल, पण धुक्यामुळं थोडा मऊ झालाय. तू जा. ते टोक मला एकदम मोकळं पाहिजे. बघून झालं की हात वर कर.”

मी मोपेड काढली. इतक्या जोरात ती मी कधीच चालवली नव्हती. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि टोकाशी पोचले तेव्हा त्या पाण्यातूनच मला दिसलं की तार पडलेली आहे आणि उसानं लादलेल्या पाच बैलगाड्यांची रांग पट्टीत शिरते आहे. पहिल्या गाडीचे बैल डांबरावर आलेले होते.

गाडीवर लुगड्याचा पदर डोक्याला आवळलेली एक बाई बसली होती. ऊसतोडीला मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबातली असावी.

“थांबा! मागं घ्या!” मी ओरडले.

“बैल मागं जात न्हाईत बाई. दोन मिनिटं थांब, निघतोच आमी.”

“दोन मिनिटं नाहीत! विमान येतंय!”

“कुटंय विमान?” तिनं वर बघितलं. वर निळं आभाळ होतं.

मी मोपेड आडवी टाकली आणि बैलांच्या पुढ्यात उभी राहिले. बैलांची वाफ माझ्या तोंडावर येत होती. आबांच्या घरात वाढलेली असूनही मला बैलांची भीती वाटते, लहानपणी एकानं ढुशी दिली होती. मी वेसणीला हात घातला आणि त्या बाईकडं बघून म्हणाले, “माय, वर एक माणूस एकटा हाय. त्याला उतरायला दुसरी जागा न्हाय. पाया पडते, बाजूला घ्या.”

तिनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. मग गाडीवरून उडी मारली, दुसऱ्या बाजूच्या बैलाचा कासरा धरला आणि आम्ही दोघींनी मिळून गाडी गोल वळवून कडेच्या मुरमावर घेतली. मागच्यांना तिनं अशी एक हाक दिली की चारही गाड्या जागीच थांबल्या. वळताना गाडीतून उसाच्या तीन-चार कांड्या डांबरावर पडल्या होत्या. मी वाकून उचलायला लागले तर तीही उचलायला लागली. “खिळा, काच, काहीपण दिसलं तर उचला,” मी म्हणाले. सूर्याकडं तोंड करून आम्ही दोघी ओणव्यानं पळत गेलो आणि परत आलो. मग मी कडेला होऊन दोन्ही हात वर केले.

विमान माझ्या डोक्यावरून गेलं तेव्हा मला डॉक्टरांच्या खिडकीची काच चमकलेली दिसली. चाकं टेकली, उडाली, पुन्हा टेकली. विमान धुक्याच्या दिशेनं धावत गेलं आणि लहान लहान होत खांबाच्या बरंच अलीकडं थांबलं. ती बाई म्हणाली, “आगं बया, खरंच एकटाच हाय की.”

मी ऑफिसजवळ पोचले तोवर डॉक्टर विमानातून उतरून गवतावर बसले होते. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता, त्या थंडीत. त्यांनी तांब्याभर पाणी प्यायलं आणि म्हणाले, “कॅप्टन, तुम्ही मला मधे रेडिओवर दवाखान्यातल्या पेशंटबद्दल काय विचारत होता?”

“काहीही. तुम्ही बोलत राहावं म्हणून.”

“मी एका बाईला द्यायच्या गोळ्यांचा डोस सांगितला. चुकीचा सांगितला. आत्ता आठवलं.” आणि ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं.

ते गेल्यावर मी कॅप्टनना सांगितलं, “मला काल संध्याकाळीच माहीत होतं. रानं ओली होती. मी बघितलं होतं.”

ते खुर्चीत बसलेले होते. वर न बघता त्यांनी विचारलं, “मग बोलली का नाहीस?”

“मागच्या वेळी चुकले होते.”

“मागच्या वेळी तू चुकलीस तर काय झालं? पाहुण्यांनी पुण्यात आणखी एक चहा प्यायला.” मग त्यांनी ऑफिसची वही पुढं ओढली. म्हणाले, “आणि पूर्वेकडं पुसट मलाही दिसलं होतं. मीही धूरच म्हणालो मनात. आपण दोघंही वहीत लिहू.”

आम्ही लिहिलं. त्यांनी त्यांच्या अक्षरात, मी माझ्या. त्याखाली त्यांनी एक सूचना लिहून सही केली. पूर्वेची रानं ओली असतील त्या सकाळी नऊच्या आत एकट्या शिकाऊ माणसाला सोडायचं नाही, आणि रानं ओली आहेत का हे मी सांगायचं. ठेकेदार कुरकुरला, पण वहीत कॅप्टनची सही होती. तार आम्ही त्या आठवड्यात काढून तिथं फाटक बसवलं आणि गाड्यांसाठी टोकाला वळसा घालून मुरमाचा रस्ता करून दिला. तो करून दिल्यावर आडमार्गानं कुणी आलं नाही.

आबांना मी रात्री जेवताना सगळं सांगितलं. मी गप्प राहिले तेही सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. हात धुताना विचारलं, “वरनं धुकं कसं दिसतंय गं? डाक्टरला इचारलंस का?”

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, “ताई, मी फक्त चिमणीकडं बघत होतो.” दुसऱ्या आठवड्यात ते पुन्हा आले आणि पुन्हा एकटे उडाले, पण ते नऊनंतर. त्यांनाही ठाऊक नव्हतं म्हटल्यावर प्रश्न माझ्याच डोक्यात घर करून राहिला. मी कॅप्टनना विचारलं.

“बस,” ते म्हणाले. “दाखवतो.”

पुढच्या धुक्याच्या सकाळी ऊन जरा वर आल्यावर आम्ही पश्चिमेकडून उडालो. मी पहिल्यांदाच विमानात बसत होते. मी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा खाली सगळं ठेवल्यासारखं दिसत होतं. धुकं ढगासारखं अस्ताव्यस्त पसरलेलं नव्हतं. ते वावरांच्या आकाराचं होतं. बांधाशी येऊन थांबलेलं, चौकोनी, लांबोडकं, कोपऱ्यात घडी घातल्यासारखं. मधून पाटाची रेघ गेलेली. कोरड्या रानांवर काहीच नाही, ती नुसती तपकिरी. जणू पाळ्यांची यादीच कुणीतरी जमिनीवर पांढऱ्या रंगानं काढून ठेवली होती. मी बोटानं एकेक ओळखत गेले. हे खोडव्याचं, हे शेजारचं, हे खालच्याचं.

आणि मग बरंच लांब, पाटाच्या दुसऱ्या बाजूला, मला एक लहानसा पांढरा चौकोन दिसला. तिथं त्या आठवड्यात पाळीच नव्हती. यादी मला तोंडपाठ होती.

संध्याकाळी मी तात्यांकडं गेले. “तात्या, पलीकडच्या ओढ्याजवळच्या रानाला काल पाणी होतं का?”

“न्हाय. त्याची पाळी पुढल्या आठवड्यात.”

“पण ते रान भिजलेलं होतं.”

तात्यांनी पानाची चंची खाली ठेवली. “तुला कुणी सांगितलं?”

“वरून दिसलं.”

त्यांनी मान वर करून आभाळाकडं बघितलं. पाटाचं गेट रात्री चोरून कोण उघडतं ते दोन वर्षं त्यांना सापडत नव्हतं म्हणे. त्यांनी विचारलं, पुन्हा कधी वर जाणार आहेस? मी म्हणाले, धुकं पडलं की. त्यावर ते सायकल काढून त्या रानाकडं गेले, आणि मी आबांना धुक्याचा आकार सांगायला घरी निघाले.